बांडगूळ की आमरी? कोयता उचलण्याआधी एवढे पाहा

आंबे उतरवून झाले आणि पावसाआधीची छाटणी निघाली की राहाता, शिर्डी, बाभळेश्वर, लोणी या पट्ट्यातून एक प्रश्न हमखास येतो. "बांधावरच्या जुन्या आंब्याच्या फांदीवर जाड, लांब पानांचे काहीतरी वाढले आहे. गडी म्हणतो बांडगूळ आहे. तोडून टाकू का?" त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असतात. घाटातून हौसेने आणलेली आमरी (ऑर्किड) इथे जगत का नाही? आणि रास्ना म्हणून हिची मुळे औषधाला घेतली तर चालतील का, त्यात कायद्याची काही अडचण आहे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर बाकीचे विचारायला झाडावर काही उरत नाही. बांडगूळ समजून किती आमरी तोडल्या जातात याची नोंद कुणी ठेवत नाही. पण एक जुनी आमरी त्या जागी रुजून फुलावर यायला कित्येक वर्षे गेलेली असतात, आणि ती उतरवायला कोयत्याचा एक घाव पुरतो. म्हणून सुरुवात ओळखीपासून करू.

रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा: ती दिसते कशी

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आमरी म्हटले की आंबोली, कोयना किंवा आपल्याच जिल्ह्यातला अकोले तालुका डोळ्यांसमोर येतो, आणि ते बरोबरच आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. राहात्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी येतो. इथे हिरवाई दिसते ती गोदावरीच्या उजव्या कालव्याची, प्रवरेच्या पाटाची आणि विहिरींची. अशा कोरड्या पठारी मुलखातही तग धरू शकणाऱ्या मोजक्या आमरी आहेत आणि त्यांत वांडा टेसेलाटा आघाडीवर आहे. भारतभरच्या मैदानी भागांत, श्रीलंकेत, नेपाळात, बांगलादेशात आणि म्यानमारमध्ये ती आढळते. १८२० साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने वांडा हा वंश मांडला तो याच वनस्पतीवरून. जगभरच्या फुलबाजारात आज ज्या रंगीबेरंगी वांडा विकल्या जातात, त्या वंशाची ही मूळ नमुना-जात आहे.

फूल नसतानाही ती ओळखता येते. एकच खोड वरच्या टोकाकडे वाढत जाते, साधारण एक ते दोन फूट. खोडाच्या दोन्ही बाजूंना, एकाआड एक, पट्ट्यासारखी चामट पाने असतात. पान मधल्या शिरेवर दुमडलेले, साधारण वीतभर लांब आणि बोटभर रुंद. त्याचे टोक नीट पाहा. ते निमुळते नसते, कुणीतरी कुरतडल्यासारखे वाकडेतिकडे, दोन-तीन दात असलेले असते. ही फार उपयोगी खूण आहे.

फुले उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत येतात. पानाच्या बगलेतून दांडा निघतो आणि त्यावर पाच ते दहा फुले लागतात. प्रत्येक फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद. पाकळ्या आतून पिवळसर-हिरवट किंवा तपकिरी, त्यावर गडद रेषांची चौकट-चौकट जाळी, आणि मागची बाजू पांढरी. मधली एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी, निळसर-जांभळी असते. आमरीच्या कुळात या पाकळीला ओठ म्हणतात आणि परागीकरण करणारा कीटक त्याच्यावरच उतरतो. फुलाला मंद सुवास असतो. पराग सुटा उडत नाही. त्याच्या घट्ट गोळ्या असतात आणि त्या अख्ख्याच्या अख्ख्या कीटकाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातात. फळ म्हणजे कंगोरे असलेले, सात-आठ सेंटिमीटर लांबीचे बोंड. त्यात धुळीसारखे बारीक बी असते.

मुळांकडे मात्र जास्त वेळ द्या, कारण सगळा निर्णय त्यांच्यावर अवलंबून आहे. करंगळीएवढी जाड, पांढरट-राखाडी मुळे सालीवरून पसरलेली असतात आणि काही हवेतच लोंबतात. मुळांवर मेलेल्या पेशींचे स्पंजसारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाचा किंवा दवाचा थेंब पडला की ते झटकन पाणी ओढून घेते आणि पांढरे मूळ हिरवट दिसू लागते. वाळले की पुन्हा पांढरे. वाढणारे मूळ असेल तर त्याचे टोक हिरवेगार किंवा लालसर, ओलसर दिसते.

एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात ही वनस्पती जगते कशी? वांडा आपली पर्णरंध्रे रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते, आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर अन्न तयार करते. कोरफड आणि निवडुंग हेच करतात. त्यामुळे पाण्याची वाफ फार कमी होते. पुढे रोप सांभाळण्याचा भाग येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

बांडगूळ की आमरी: पाच खुणा

झाडावर चढा किंवा दुर्बीण घ्या, पण खालून अंदाज करू नका. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही बरेच काही दिसते.

- जोड पाहा. बांडगूळ जिथून निघते तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली असते आणि बांडगुळाचे लाकूड फांदीच्या लाकडात शिरलेले असते. आमरीची मुळे सालीवर चिकटलेली असतात. ती साल भेदून आत जात नाहीत.
- खोड पाहा. बांडगुळाचे खोड लाकडी असते, त्याला फांद्या फुटतात आणि त्याचे झुडूप होते. वांडाचे खोड पानांच्या तळांनी झाकलेले, बहुतेक एकेरी, फार तर तळाशी फुटवे आलेले.
- पानांची रांग पाहा. बांडगुळाची पाने रुंद, अंडाकृती, बहुतेक समोरासमोर. वांडाची पाने दोन रांगांत, दुमडलेली, टोक कुरतडलेले.
- फूल-फळ पाहा. आंब्यावर नेहमी दिसणाऱ्या बांडगुळाचे फूल लांब नळीसारखे, केशरी-तांबूस असते. फळ लहान आणि आत चिकट गर. आमरीचे बोंड कोरडे, कंगोरेदार.
- फांदीचे पुढचे टोक पाहा. बांडगुळाच्या पुढची फांदी हळूहळू रोडावते, वाळते. आमरीच्या पुढची फांदी इतर फांद्यांइतकीच भरलेली असते.

पाचही खुणा जुळायलाच हव्यात असे नाही. पहिली एकटी पुरेशी आहे. जोड लाकडात शिरलेला असेल तर बांडगूळ, मुळे सालीवरून फिरत असतील तर बांडगूळ नव्हे.

मुळे सालीवर दिसली म्हणजे ती वांडाच, असेही धरून चालू नका. कोरड्या भागात तिच्यासारखी दिसणारी दुसरी आमरी म्हणजे अकाम्पे प्रीमोर्सा, काही भागांत जिला कानभेर म्हणतात. पाने जवळजवळ तशीच, पण फुले अगदी लहान, मांसल, पिवळ्यावर तांबूस पट्टे, आणि आखूड दांड्यावर दाटीने आलेली. सीतेची वेणी ही आणखी एक आमरी असेल तर शंकेला जागाच नाही, कारण तिच्या फुलांचा गुलाबी-पांढरा घोस वेणीसारखा खाली लोंबतो. मात्र ती जास्त पावसाच्या रानातली आहे. फुलाशिवाय नाव ठरवण्याची घाई करू नका. ती आमरी आहे एवढे कळले की पुढचा निर्णय घेता येतो.

आमरी निघाली तर: काही करू नका, आणि काही गोष्टी टाळा

आमरी झाडाचे अन्न खात नाही आणि झाडातले पाणीही ओढत नाही. तिला हवी असते खरबरीत साल, विरळ सावली आणि वारा. सालीच्या भेगांत साठणारा कचरा आणि पावसाबरोबर येणारे क्षार एवढ्यावर तिचे भागते. आंब्याचा बहर कमी झाला, मोहोर गळला, तर कारण दुसरीकडे शोधा. त्याचा दोष फांदीवरच्या वांडावर टाकू नका.

राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे, पण पेरूवर आमरी शोधण्यात अर्थ नाही. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटत राहते, म्हणून कुठल्याही मुळाला तिथे टिकता येत नाही, शिवाय बहरासाठी छाटणी सतत चालू असते. शोधायचे तर बांधावरचा जुना आंबा, चिंच, जांभूळ, कालव्याकाठची मोठी झाडे, देवळामागचे जुने झाड. म्हणजे नेमकी तीच झाडे, जी आपल्याकडे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

आमरी असलेल्या झाडापाशी या गोष्टी टाळा:

- बोर्डो पेस्ट आणि चुना-गेरू. खोडाला लेप जरूर द्या, पण मुळे पसरली आहेत तेवढी जागा सोडा. लेप मुळांवर बसला की व्हेलामेनचा पाणी ओढण्याचा मार्ग बंद होतो, आणि मोरचुदाचा त्रास वेगळाच.
- पाचट पेटवणे. उसाच्या पाचटाचा जाळ बांधावरच्या झाडाची खालची फांदी होरपळवतो. झाड पुन्हा फुटेल, होरपळलेली आमरी फुटेलच असे नाही. पाचट सरीत कुजवले तर जमिनीचाही फायदा आहे.
- तणनाशक आणि दाट फवारणी. आंब्यावर औषध मारावेच लागले तर त्या फांदीला आधी ओले पोते किंवा प्लॅस्टिक लपेटून घ्या, फवारणी झाल्यावर लगेच काढा.
- फुले तोडण्यासाठी दांडा ओढणे. दांड्याबरोबर अख्खा शेंडा निघून येतो. वांडा शेंड्याकडूनच वाढते, त्यामुळे शेंडा गेला की पुढची वाढ तिथेच थांबते.

फांदी वाळून मोडायला आली असेल आणि आमरी खाली पडण्याची भीती असेल, तर खाली दिलेल्या पद्धतीने तेवढा तुकडा त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर बांधा.

बांडगूळ निघाले तर

फळझाडावरचे बांडगूळ काढायलाच हवे, आणि ते फळे पिकण्याआधी काढावे. फुलटोचा हा चिमुकला पक्षी ती फळे खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर टाकतो. नुसते बांडगूळ कापून उपयोग नाही, आत शिरलेल्या भागातून ते परत फुटते. गाठीच्या खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, वीतभर ते फूटभर अंतर सोडून फांदीच कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. मुख्य खोडावर असेल तर बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून सल्ला घ्या.

बांधावरच्या बिनफळाच्या झाडावर एखादे बांडगूळ असेल तर मी ते ठेवीन. त्याच्या फुलांवर सूर्यपक्षी येतात, आणि हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू त्याच्याच पानांवर अंडी घालते.

झाडच तोडले जाणार असेल तर

रस्ता रुंद होतो, विहिरीवर शेड येते, वाटण्या होतात, आणि जुने झाड जाते. अशा वेळी दोन कामे समांतर करावी लागतात.

पहिले काम परवानगीचे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. राहाता किंवा शिर्डी नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर नागरी क्षेत्रातील झाडांचा १९७५ चा कायदा लागू होतो. त्यात झाडावर नोटीस लावून हरकती मागवण्याची तरतूद आहे. हरकत घेणे हा तुमचा हक्क आहे. हरकतीत "झाड जुने आहे" एवढेच न लिहिता झाडावर आमरी आहे, ती कुठल्या फांदीवर आहे, हे फोटोसह लिहा. तोड टळली नाही तरी आमरी हलवण्यासाठी मुदत मागता येते. परवानगीची कागदपत्रे दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुसरे काम हलवण्याचे. सार्वजनिक झाड असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवूनच हात लावा.

१. मुळे सालीवरून उपटू नका. ज्या फांदीवर आमरी आहे तिचा, मुळांच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्तीचा तुकडा ठेवून, तेवढा ओंडकाच करवतीने कापा.

२. ओंडका दोरीने सावकाश खाली सोडा. झाड आडवे पाडल्यावर आमरी शोधायला गेलात तर बहुतेक वेळा शेंडा मोडलेला असतो.

३. नवी जागा खरबरीत सालीच्या झाडावर निवडा. शक्यतो त्याच जातीचे झाड, तेवढीच उंची, आणि सकाळचे ऊन मिळणारी पण दुपारची सावली असलेली बाजू.

४. ओंडका काथ्याने किंवा सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधा. तार नको, ती तापते आणि सालीत रुतते. सैल बांधलेला ओंडका वाऱ्याने हलत राहतो आणि नवी मुळे सालीला लागत नाहीत.

५. मोडलेली, कुजकी मुळे धारदार पात्याने कापा. धडधाकट मुळांना धक्का लावू नका.

६. शक्य असेल तर हे काम मृगाच्या आसपास करा. पावसाळ्याचे चार महिने मिळाले की आमरीला जम बसवता येतो. उन्हाळ्यात करावेच लागले तर पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी पाण्याचा फवारा द्या आणि वर शेडनेटचा तुकडा बांधा.

ओंडका काळाच्या ओघात कुजेल. तोवर नवी मुळे जिवंत झाडाच्या सालीवर पोचलेली असली पाहिजेत. मुळांच्या टोकांना हिरवा रंग दिसला की समजा जीव धरला. पान सुरकुतले तर लगेच घाबरून पाण्याचा मारा करू नका. मुळे काम करू लागेपर्यंत सुरकुती राहते.

घाटातली जुडी विकत घेऊ नका

पावसाळ्यात पर्यटनाच्या ठिकाणी रस्त्याकडेला सुतळीने बांधलेल्या आमरीच्या जुड्या विकायला असतात. स्वस्त असतात, फुलावर असतात, आणि मोह होतो. माझे ठाम मत आहे की ती जुडी घेऊ नये, आणि त्याला कारणे आहेत.

आमरीच्या बियांमध्ये रोपाला पोसणारा अन्नसाठा जवळजवळ नसतो. एका बोंडात हजारो बिया असल्या तरी विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच बी रुजते. बहुतेक बिया वाया जातात. जे रोप तगते ते फुलावर यायला वर्षे लागतात. म्हणजे जुडीतले फुललेले रोप हे त्या रानातले नेमके बी देणारे रोप असते. ते काढले की मागे पिढी राहत नाही.

आणि ते तुमच्याकडे जगणारही नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आमरींना पावसाळाभर धुके लागते, हिवाळ्यात दव लागते. त्यांतल्या अनेक जणी कंदावर किंवा फुगीर खोडावर कोरडा काळ काढतात आणि पाने गाळतात. लोक त्या "वाळल्या" म्हणून जास्त पाणी घालतात आणि कुजवतात. शिवाय जुडी उपटतानाच मुळे तुटलेली असतात. फूल दिसते ते खोडात उरलेल्या साठ्यावर. राहात्याची मे महिन्यातली कोरडी हवा तिला सोसत नाही. विकणाऱ्याने "घरची लागवड आहे" असे सांगितले तर मुळे पाहा. सालीचे तुकडे, शेवाळ, तुटलेली टोके, निरनिराळ्या वयाची आणि जातींची सरमिसळ दिसली तर ती रानातलीच.

नर्सरीतले रोप राहात्याच्या हवेत कसे सांभाळावे

हौस असेल तर प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने किंवा बियांपासून वाढवलेले रोप घ्या. पावती मागा, पावतीवर जातीचे किंवा संकराचे नाव लिहून घ्या. आमरीवरचे संशोधन आणि लागवडीचे तंत्र यासाठी सिक्कीममधील पाकयोंग येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. घरगुती लागवडीपुरते खालील पुरेसे आहे.

माती अजिबात नको. वांडाची मुळे मातीत कोंडली की कुजतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकची जाळीदार टोपली घ्या, त्यात लाकडी कोळसा, विटेचे मोठे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे टाका. नाहीतर सरळ आंब्याच्या फळकुटावर बांधून टांगा.

पाणी सकाळी. रात्री रंध्रे उघडी असतात आणि शेंड्यात पाणी साचून राहिले तर शेंडा कुजतो. उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी द्या आणि शेजारची फरशी दुपारी ओली ठेवा, म्हणजे हवेत ओल राहते. मुळे हिरवी झाली की पाणी थांबवा, पांढरी झाली की पुन्हा द्या. हिवाळ्यात, रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, पाणी निम्म्यावर आणा.

पाण्याची प्रत. या भागात हेच बहुतेकांचे दुखणे असते. बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांवर पांढऱ्या खडबडीत थराने बसतात आणि मूळ बंद पडते. पावसाचे पाणी साठवून ठेवा. ते संपले तर कालव्याचे पाणी गाळून वापरा. बोअरखेरीज इलाज नसेल तर महिन्यातून एकदा तरी साठवलेल्या पावसाच्या पाण्याने मुळे धुऊन काढा.

ऊन. निम्मी सावली देणारे शेडनेट पुरते. पाने काळपट हिरवी आणि लांबोडकी झाली तर उजेड कमी आहे, पिवळसर किंवा लाल ठिपके आले तर ऊन जास्त आहे. पेरूच्या बागेत टांगायची असेल तर फवारणीच्या वाऱ्यापासून दूर ठेवा.

खत. ठिबकमधून देतो तेच १९:१९:१९ चालते, पण मात्रा फार कमी: एक लिटर पाण्याला पाव ते अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही मुळे ओली असताना. शेणखत, गांडूळखत टोपलीत भरू नका.

मिलीबग किंवा खवले कीड दिसली तर साबणाच्या सौम्य पाण्यात कापड भिजवून पाने पुसा. फूल पहिल्या वर्षी येईल अशी आशा धरू नका.

औषध म्हणून घेण्याआधी

रास्ना हे नाव काढ्यांमध्ये वारंवार येते, आणि त्यामुळे लोक वांडाची मुळे उतरवून ठेवतात. इथे गल्लत आहे. एकाच नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. बंगालकडे वांडा, दक्षिणेत कुलिंजन, आणि भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात रास्ना म्हणून प्लूचिया लॅन्सिओलाटा ही सूर्यफुलाच्या कुळातली जमिनीवर वाढणारी वनस्पती दिली आहे. वैद्याने रास्ना लिहून दिली असेल तर झाडावरची आमरी उतरवू नका. कोणती वनस्पती अभिप्रेत आहे हे वैद्यालाच विचारा आणि परवानाधारक उत्पादकाचे औषध घ्या. सांधेदुखीसाठी कुणी परस्पर मुळे उकळून प्यायला सांगितली तर नकार द्या.

जमिनीतल्या आमरींच्या बाबतीतही हाच धोका आहे. अमरकंद किंवा सालममिश्री म्हणून विकले जाणारे कंद अनेकदा रानातून खणलेले असतात, आणि कंद खणला की झाड संपते.

कायदा कुठे आडवा येतो, कुठे तुमच्या बाजूने उभा राहतो

- तुमच्या मालकीच्या शेतातील झाडावरची आमरी तिथेच सांभाळण्यासाठी कुठलीही परवानगी लागत नाही. परक्याने तुमच्या शेतात शिरून ती काढली तर तुम्ही तक्रार करू शकता.
- राखीव वनातून काहीही काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. "दोनच रोपे घेतली" ही सबब चालत नाही.
- अभयारण्यातून, उदाहरणार्थ १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून, वनस्पती काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची बंदी आहे. ट्रेकला जाताना मुलांना हे आधी सांगा. गळून पडलेल्या फांदीवरची आमरीही तिथेच ठेवायची.
- निळी वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर आमरी यांना याच कायद्यात नावाने संरक्षण आहे. मैदानात दिसणाऱ्या वांडाशी निळ्या वांडाचा घोळ करू नका. निळी वांडा ईशान्येकडची, मोठ्या निळ्या फुलांची.
- परदेशी पाठवणे किंवा नेणे. आमरींचे संपूर्ण कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ही परिशिष्टे आपल्या वन्यजीव कायद्यातही आली. अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना बॅगेत रोप टाकू नका. लागवडीच्या रोपालाही कागदपत्रे लागतात, आणि विमानतळावर ती नसतील तर रोप जप्त होते.
- व्यापारासाठी गोळा करणे हा जैविक विविधता अधिनियम, २००२ चा विषय आहे. कुणी गावात येऊन रास्नेची किंवा कंदांची खरेदी करू लागला तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असणे कायद्याने अपेक्षित आहे.

वनातून आमरी काढून नेताना कुणी दिसले तर स्वतः वाद घालू नका. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा.

ओळख पटवून घ्यायची आणि नोंद ठेवायची असेल तर

फुलाचा एक सुंदर फोटो ओळखीला पुरत नाही. पुढील फोटो घ्या: पूर्ण रोप, पानाचे टोक, मुळे आणि साल एकत्र, फूल समोरून, फूल बाजूने, बोंड असेल तर बोंड. आधाराचे झाड कोणते, जमिनीपासून साधारण उंची किती, तारीख कोणती, हे लगेच लिहून ठेवा. रोप तोडून नेऊ नका.

हे घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. तिथे ओळख पटली नाही तर पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे लिहा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा प्रधान आणि सिंग यांचा ग्रंथ जाणकारांच्या हाताशी असतो, आणि जिल्ह्यातल्या कुठल्या जातींची नोंद आधीच झाली आहे हे त्यात पडताळता येते. तुमच्या गावची नोंद त्यात नसेल तर तुमचे निरीक्षण आणखी मोलाचे आहे. ते गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहायला लावा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला तसे लेखी सांगता येते, आणि नोंद झाल्याची प्रत मागता येते.

समाजमाध्यमांवर फोटो टाकलात तर गट नंबर, शेताचे नाव किंवा नकाशावरची खूण टाकू नका, तालुका पुरेसा आहे. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर निरीक्षण नोंदवताना नेमके ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय असतो, तो निवडा. फोटोत जागा आपोआप साठवली जात असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ती सोय आधी बंद करा.